‘मेरी झांसी नहीं दूंगी’ हे राणी कुणाला म्हणाली होती?

जुनी_वही

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी दोनदा झाशीची राणी झाले होते. दोन्ही वेळा हातात पुठ्ठ्याची तलवार, पाठीला उशीचा दामोदर आणि पडदा पडायच्या आधी ते वाक्य. समोर गोरा साहेब झालेली वर्गमैत्रीण उभी असायची आणि मी तिच्यावर तलवार रोखून गळा फाडून ओरडायचे. त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यात कायम तटावरचं होतं. खाली इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या तोफा आणि वर राणी.

गेली काही वर्षं राणीबद्दल जे हाती लागेल ते वाचते आहे. त्या वाक्याचा पत्ता लागला त्या दिवशी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. ते तटावर म्हटलेलं नाही. वेढा पडायच्या चार वर्षं आधी, १८५४ मध्ये, एका रात्री पडद्याआडून म्हटलेलं आहे. आणि ऐकणारा शत्रूही नव्हता. तो राणीने स्वतः बोलावलेला वकील होता.

जॉन लँग त्याचं नाव. जन्माने ऑस्ट्रेलियातला, इथे वकिली करायचा आणि वर्तमानपत्रही चालवायचा. १८५१ मध्ये लाला जोतीप्रसाद या कंत्राटदाराच्या बाजूने उभं राहून त्याने कंपनी सरकारविरुद्धचा खटला जिंकला होता. कंपनीला कोर्टात हरवलेला गोरा वकील, एवढी कीर्ती झाशीपर्यंत पोचायला पुरेशी होती. राणीने त्याला आग्र्याहून बोलावून घेतलं, सोनेरी कागदावर फारसीत लिहिलेलं पत्र पाठवून. भेटीआधी बोलणी झाली ती जोड्यांवरून. साहेबाने दाराशी जोडे काढायचे. तो तयार झाला, पण टोपी डोक्यावर राहील या अटीवर. राज्य खालसा झालं होतं, तरी दरबाराची रीत तिने सोडली नव्हती.

राणी पडद्यामागे बसली होती. बोलता बोलता लहानग्या दामोदरने पडदा बाजूला केला आणि लँगला ती क्षणभर दिसली. म्हणून तिच्या रूपाचं एका पाहणाऱ्याचं वर्णन आपल्यापर्यंत आलं. लँगचा सल्ला व्यवहारी होता. विलायतेला अर्ज करू, पण तोवर सरकार देतंय ती पेन्शन निषेध नोंदवून घेत चला. पेन्शन महिना ५,००० रुपयांची. त्यावर ती उसळून म्हणाली ते हे वाक्य. लँगने ते ऐकू आलं तसं टिपलं, ‘मेरा झांसी नहीं देंगे’ अशा काहीशा रूपात, आणि १८५९ मध्ये आपल्या प्रवासाच्या पुस्तकात छापलं. तोवर राणीला जाऊन वर्ष होत आलं होतं.

म्हणजे ते वाक्य पाच हजारांना दिलेला नकार आहे.

हे कळल्यावर मी मागे गेले. गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ ला आनंदरावाला दत्तक घेतलं, नाव दामोदर ठेवलं, कंपनीचा अधिकारी एलिस याला समोर बसवून त्याच्या हाती खलिता दिला, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. डिसेंबरात राणीचा पहिला खलिता निघाला. फेब्रुवारीत दुसरा. हे खलिते म्हणजे विधवेने पसरलेला पदर आहे अशी माझी समजूत होती. वाचायला घेतले तर त्यात सरळ कायद्याचा युक्तिवाद! १८१७ च्या तहात झाशीचे तेव्हाचे राजे रामचंद्रराव यांना झाशी वंशपरंपरा दिली आहे, तिथे ‘वारस’ या शब्दाचा अर्थ काय? शेजारच्या ओरछा आणि दतियाला दत्तक मंजूर होतो, मग झाशीला का नाही? एलिसलाही हा मुद्दा पटला होता, तसं त्याने वर लिहिलंही. त्याचा वरिष्ठ माल्कम तर लिहितो की या बाईंना फार मान आहे आणि त्या कारभार सांभाळायला पूर्ण समर्थ आहेत. लिहितो, आणि तरीही राज्य खालसा करण्याच्या बाजूने मत देतो.

गव्हर्नर जनरल डलहौसीचं म्हणणं होतं की ओरछा मुळातलं स्वतंत्र राज्य, झाशी ही पेशव्यांची सुभेदारी. पेशव्यांचा हक्क कंपनीकडे आला, तेव्हा वारस मान्य करायचा की नाही ते कंपनी ठरवणार. शिवाय १८३५ मध्ये रामचंद्ररावांचा दत्तकही कंपनीने मानला नव्हता. आपलाच जुना अन्याय नव्या अन्यायाला दाखला म्हणून जोडला. फेब्रुवारी १८५४ मध्ये निर्णय झाला आणि मार्चमध्ये झाशी गेली. त्याआधी १८४८ मध्ये सातारा गेला होता, आणि नागपूरही त्याच १८५४ मध्ये.

मला म्हणायचंय ते एवढंच, की राणीची लढाई आपण मार्च ते जून १८५८ अशी तीन महिन्यांची करून टाकली आहे. तिच्या आधीची साडेतीन वर्षं ती कागदावर लढत होती. नियम त्यांचे, भाषा त्यांची, पंचही तेच. तिथे ती हरली ती युक्तिवाद लंगडा होता म्हणून नव्हे. तलवारीच्या चित्राखाली हा कागद पुरला गेला, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही राणी कुठून ऐकली, कुठून वाचली? लिहा.

बकुळी

फार सुंदर लिहिलंयस गं. जोडे आणि टोपीचा तपशील माहीत नव्हता. आमच्याकडे आजी गोष्ट सांगायची ती थेट घोड्याच्या उडीपासून सुरू व्हायची, त्यामुळे वकील वगैरे माझ्या कानावर आजच आलं. एक विचारते, या साडेतीन वर्षांत ती राहत कुठे होती? किल्ल्यात?

जुनी_वही

नाही गं बकुळी. किल्ला सोडावा लागला. शहरातल्या राणीमहालात राहायची. किल्ला रोज डोळ्यांसमोर, आणि त्यावर निशाण दुसऱ्याचं.

खलाशी

लेख आवडला, पण एक गोष्ट मनात आली ती बोलतो. कृपया राग मानू नये, राणीबद्दल आदर माझ्याही मनात आहे.

तुम्ही ज्याला कागदावरची लढाई म्हणता ती शेवटी एका गादीसाठी होती. दत्तक मंजूर झाला असता तर ओरछा, दतियाप्रमाणे झाशीही इंग्रजांच्या बाजूला उभी राहिली असती, असं मानायला जागा आहे. जून १८५७ मध्ये झाशीत शिपाई उठले, ८ जूनला जोखनबागेत साठेक गोऱ्या लोकांची कत्तल झाली, त्यात बायकामुलं होती. त्यानंतर राणीने सागरचा कमिशनर अर्स्किन याला पत्रं लिहिली. त्यांचा सूर बंडखोराचा नाही. शिपायांनी अत्याचार केले, माझ्याकडून पैसे उकळले, मदत पाठवा, असा आहे. आणि अर्स्किननेच तिला सरकारच्या वतीने कारभार पाहायला सांगितलं. रमेशचंद्र मजुमदारांनी १९५७ मध्ये हे सगळं मांडून स्पष्ट म्हटलं की सुरुवातीला राणी बंडात नव्हती.

मग आपण तिला पहिल्या दिवसापासून स्वातंत्र्यलक्ष्मी करतो, ते खरं किती? मला वाटतं की तिचं मोठेपण दाखवायला आपण तिच्या तोंडी आपली वाक्यं घालतो.

जुनी_वही

राग कसला खलाशी, उलट हा प्रश्न यायलाच हवा होता. आणि तो फार जुना आहे. द. ब. पारसनीसांनी १८९४ मध्ये मराठीत राणीचं चरित्र लिहिलं, त्यातली राणी बरीचशी तुम्ही म्हणता तशी आहे: नाइलाजाने लढाईत ओढली गेलेली. पारसनीस इंग्रजी राज्यात लिहीत होते आणि दामोदरराव तेव्हा हयात होते, हे विसरून चालणार नाही. पुढे वृंदावनलाल वर्मांनी १९४६ मध्ये हिंदी कादंबरी लिहिली ती याच मुद्द्याला उत्तर म्हणून. ते झाशी भागातलेच. घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेली राणी स्वराज्यासाठी लढणारी, आणि छापील चरित्रातली परिस्थितीने लढायला लावलेली. यातली खरी कोणती, हे शोधत ते कागद आणि म्हातारी माणसं दोन्हींकडे गेले.

अर्स्किनच्या पत्रांबद्दल माझं मत असं. ती पत्रं खरी आहेत, ती लपवू नयेत. पण ती लिहिणारीच्या जागी बसून बघा. शहरात फौज नाही, शिपाई खजिना आणि दागिने घेऊन दिल्लीकडे निघून गेलेले, करेऱ्यात सदाशिवराव पारोळकर स्वतःला झाशीचा राजा म्हणवू लागलेला आणि ओरछ्याची फौज नत्थे खानाच्या हाताखाली तोंडावर. तिने ओरछ्याची चढाई परतवली, तोफा ओतायला लावल्या, दारूगोळा करवला, शहर चालवलं. जून १८५७ पासून एप्रिल १८५८ पर्यंत दहा महिने. इंग्रजांशी बोलणं चालू ठेवणं हा त्या दहा महिन्यांतल्या राज्यकारभाराचा भाग होता, यात मला कमीपणा वाटत नाही.

आणि त्यांनी काय केलं? अर्स्किनने मान्यता दिली, कलकत्त्याने संशय धरला. जोखनबागेचं खापर चौकशीविना तिच्यावर फुटलं. मार्टिन नावाच्या एका इंग्रजाने पुढे खूप वर्षांनी दामोदररावांना पत्र लिहून कळवलं की तुमच्या आईचा त्या कत्तलीत हात नव्हता. तोवर तिच्या वडिलांना, मोरोपंत तांब्यांना, त्याच जोखनबागेत फाशी देऊन तीस वर्षं उलटली होती.

तुमचं एक म्हणणं मात्र मान्य. तिच्या तोंडी आपली वाक्यं घालू नयेत. म्हणून तर मी तिचं खरं वाक्य शोधत होते.

वरसईची_वाट

माझं आजोळ पेणजवळ आहे, त्यामुळे वरसईच्या गोडसे भटजींवर मी थोडा हक्काने बोलतो.

विष्णुभट गोडसे १८५७ च्या आरंभी काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेसाठी. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दानधर्म होणार, घरावर कर्ज, जाऊन यावं. वाटेत बंड उसळलं आणि हा गरीब भिक्षुक फिरत फिरत नेमका झाशीत अडकला. वेढा त्याने आतून पाहिला. तोफांचे गोळे रात्री कसे दिसत, लोक पाण्यासाठी कसे तळमळत, शहर पडल्यावर गोरे शिपाई घराघरांत शिरून काय करत होते, दिवसागणिक काय काय लुटून नेलं, हे त्याच्याइतकं जवळून मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही. राणीच्या संग्रहातल्या पोथ्यांची नासधूस झाली, त्याचं दुःख त्याने माणसांच्या दुःखाशेजारी लिहिलं आहे. भिक्षुक असला तरी तो पोथी जाणणारा माणूस होता.

परत आल्यावर पंचवीसेक वर्षांनी त्याने हे आठवून लिहिलं आणि छापून आलं १९०७ मध्ये. चिं. वि. वैद्यांनी ते छापताना पुष्कळ बदल केले. काळच तसा होता, सरकारची नजर होती. मूळ प्रत द. वा. पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांनी फक्त वैद्यांचं वाचलंय त्यांनी पोतदारांचं जरूर वाचावं. बोली वेगळी आहे, कानात कोकणातला म्हातारा बोलल्यासारखं वाटतं.

पण मला सांगायचं होतं ते विहिरीबद्दल. झाशी पडली आणि राणी रातोरात घोड्यावरून निघून शंभरेक मैलांवरच्या काल्पीला पोचली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला, फौज काल्पीकडे पळत सुटली, त्या वाटेवर पहाटे एका विहिरीपाशी गोडसे होते. तिथे राणी आली. धुळीने माखलेली, पुरुषी वेषात, तहानलेली. भटजींनी मडकं विहिरीत सोडायला घेतलं तर तिने थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. दोर तिने स्वतः ओढला आणि ओंजळीने पाणी प्यायली. मग म्हणाली की मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला विधवेला हा उद्योग करायची काही गरज नव्हती, पण धर्माचा अभिमान धरून यात पडले.

अर्धा शेर तांदूळ! तिला स्वतःला जगायला लागतं तेवढं. जुनी_वही, तुमच्या पाच हजारांच्या पेन्शनशेजारी हे ठेवून बघा. वकिलाला जे उत्तर दिलं तेच ती चार वर्षांनी एका भिक्षुकाला विहिरीच्या काठावर देते आहे. खलाशींच्या प्रश्नाचंही उत्तर मला त्यात दिसतं. गादीच हवी असती तर गादीच्या मोबदल्यात मिळणारं सुखाचं आयुष्य तिने काशीला किंवा बिठूरला काढलं असतं.

वाचताना त्या जागी मी दर वेळी थांबतो. एवढ्या मोठ्या पराभवाच्या सकाळी तिला आठवतं की समोरचा माणूस विद्वान आहे, त्याला पाणी ओढायला लावू नये.

धुळाक्षर

मी निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं मराठी शिकवलं. भा. रा. तांब्यांची कविता किती वेळा शिकवली असेन, मोजदाद नाही.

‘रे हिंदबांधवा, थांब या स्थळी, अश्रु दोन ढाळी’. मुलं चालीवर म्हणायची, मीही म्हणायचे. पण ‘या स्थळी’ म्हणजे कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. निवृत्तीनंतर ग्वाल्हेरला गेले, फुलबागेजवळ तिच्या समाधीपाशी उभी राहिले आणि मगच उमगलं की कवीने ते तिथे उभं राहून म्हटलं आहे. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. ते ज्या गावात राहायचे त्याच गावात ही समाधी. ‘थांब’ हा शब्द रस्त्याने जाणाऱ्या माणसाला उद्देशून आहे, वर्गातल्या मुलांना नाही. इतकी वर्षं मी तो घाईने म्हटला होता.

आणखी एक विचार तिथे आला. जून १८५८ च्या आरंभी राणी, तात्या टोपे, रावसाहेब यांनी ग्वाल्हेर घेतलं तेव्हा जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या आश्रयाला आग्र्याला गेले. सुभद्राकुमारी चौहानांची हिंदी कविता हे नाव घेऊन सांगते. त्याच शिंद्यांच्या दरबारचा कवी पुढे राणीवर अशी कविता लिहितो. तिच्यासाठी रडायला त्याने पराभवाचीच जागा निवडली. मला तर त्यात त्या गावाने मागितलेली क्षमा ऐकू येते. माझं चुकतही असेल, पण मला ती ऐकू येते.

तिथून कोटा की सराय फार दूर नाही. १७ जूनला तिथे शेवटची लढाई झाली. आपल्याकडे पुण्यतिथी १८ जूनला पाळतात. जवळच गंगादास बाबांची शाळा म्हणजे साधूंचा आखाडा आहे. तिचा देह गोऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून साधूंनी प्राण दिले असं तिथले लोक अजून सांगतात, आणि सांगताना आवाज खाली आणतात.

सुभद्राबाईंच्या कवितेतलं एक मात्र मी मुलांना कायम सांगायची. ‘बुंदेले हरबोलों के मुँह’ म्हणजे ही कथा आम्ही हरबोल्यांच्या तोंडून ऐकली. हरबोले म्हणजे बुंदेलखंडात दारोदार गात फिरणारे लोक. म्हणजे त्या कविता लिहायच्या आधी कुणीतरी पोटासाठी गात गात राणी जिवंत ठेवली होती. छापायची सोय नव्हती आणि छापलं असतं तर जप्त झालं असतं. गाणं कोण जप्त करणार?

मोहर

धुळाक्षर बाई, तुमच्या प्रतिसादाने डोळे भरून आले.

हरबोल्यांवरून आठवलं. महाश्वेतादेवींचं पहिलं पुस्तक राणीवरच आहे, १९५६ चं. त्या बुंदेलखंडात हिंडल्या, गावातल्या लोकांकडून गाणी आणि आठवणी गोळा केल्या. त्यातल्या एका गाण्याचा अर्थ असा की दगडमातीतून तिने फौज घडवली, लाकडाच्या तलवारी केल्या, डोंगर उचलून त्याचा घोडा केला आणि ग्वाल्हेरला निघाली. मी हे वाचलं तेव्हा वाटलं की ही तर चिखलाची चित्रं करणाऱ्या लेकरांची भाषा. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी तिच्या हातात आपल्याकडची माती आणि दगड दिले.

आणि त्याच माणसांकडून झलकारीबाई आली. कोरी समाजातली, नवरा पूरन कोरी तोफखान्यात. राणीसारखी दिसायची म्हणून राणीचा वेष घालून इंग्रजांसमोर गेली आणि राणीला निसटायला वेळ मिळाला, अशी झाशीकडची परंपरा आहे. इंग्रजी कागदांत ती जवळपास नाही. काही अभ्यासक म्हणून तिच्यावर शंका घेतात. मला त्यांना विचारावंसं वाटतं की कोऱ्याच्या बायकोची नोंद तेव्हा कोण ठेवणार होतं? वर्मांच्या कादंबरीत ती येते, मग दलित लेखकांनी तिच्यावर स्वतंत्र लिहिलं, आणि २००१ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघालं. आमच्या वस्तीतल्या ग्रंथालयात तिची तसबीर राणीच्या शेजारी लावली आहे, एका रांगेत, एका उंचीवर. तसं लावायचा आग्रह माझ्या आईचा होता.

तोफखान्याचा प्रमुख गुलाम गौस खान होता, हेही इथे कुणीतरी लिहायला हवं होतं. वेढ्यात तोच पडला. कडक बिजली, घनगर्ज, भवानीशंकर ही तोफांची नावं मुलांना पाठ असतात. तोफ डागणारा माणूस पाठ नसतो.

कृष्णेचा_घाट

बेळगावकडचा आहे म्हणून कित्तूरची आठवण करून देतो.

डलहौसी यायच्या चोवीस वर्षं आधी, १८२४ मध्ये, हेच नाटक आमच्याकडे झालं होतं. कित्तूरच्या संस्थानात वारस उरला नाही, दत्तक घेतला, धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने तो मानायला नकार दिला आणि राणी चेन्नम्माने त्याच्याशी लढाई घेतली. ऑक्टोबर १८२४ मध्ये थॅकरे तिथेच मारला गेला. डिसेंबरात मोठी फौज आली आणि किल्ला पडला. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, तिथेच ती १८२९ मध्ये गेली. तिचा माणूस संगोळ्ळी रायण्णा त्यानंतरही लढत राहिला. १८३१ मध्ये त्याला नंदगडला फाशी दिली.

तेव्हा ‘दत्तक नामंजूर’ ही काही एका लाटसाहेबाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नव्हती. कंपनीला हे हत्यार आधीपासून माहीत होतं, डलहौसीने ते धडाक्याने चालवलं. आणि दोन्ही ठिकाणी विधवा बाईच समोर उभी राहिली, कारण दत्तकाचा प्रश्न येतो तोच मुळी धनी गेल्यावर. जुनी_वहींनी ओरछ्याचा दाखला दिला तसा कित्तूरचाही मनात ठेवावा. आमच्याकडे मराठी घरांत चेन्नम्मा फारशी सांगितली जात नाही, याची खंत वाटते. कानडी शेजाऱ्यांकडे लावण्या, पोवाडे आहेत तिचे.

खलाशी

वरसईच्या वाटेने दिलेला विहिरीचा प्रसंग मी आज पुन्हा काढून वाचला. अर्ध्या शेराचं ते बोलणं मी पूर्वी विनय म्हणून वाचलं होतं, हिशेब म्हणून वाचलं नव्हतं. गादीबद्दलचं माझं वाक्य मी मागे घेतो. जून ५७ ची पत्रं मात्र माझ्या मते अजून जशीच्या तशी समोर ठेवायला हवीत, आणि ती तुम्ही ठेवलीत, त्याबद्दल आभार.

एक विचारतो. १८२८ चा जन्म की १८३५ चा? कारण त्यावर सगळं चित्र बदलतं. १८५४ मध्ये लँगशी बोलणारी बाई पंचविशीची होती की अठरा-एकोणीस वर्षांची?

जुनी_वही

खलाशी, दोन्ही सालं लिहिलेली सापडतात. शासकीय जयंती १९ नोव्हेंबर १८२८ धरून होते, पारसनीसांनी १८३५ दिलं आहे. लग्न १८४२ चं. मुलगा झाला १८५१ मध्ये आणि तीन-चार महिन्यांत गेला. खलित्यांतली परिपक्वता बघून माझं मन १८२८ कडे झुकतं, पण तो पुरावा नव्हे. १८३५ खरं असेल तर अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने डलहौसीला तहाच्या कलमांत गाठलं होतं. त्या विचाराने अंगावर काटा येतो.

मोहर, गुलाम गौस खान राहून गेला ही माझी चूक, बरं झालं तुम्ही लिहिलंत. कृष्णेचा_घाट, चेन्नम्मावर तुम्हीच वेगळा धागा काढा, मी वाट बघते.

सगळ्यांचं वाचल्यावर मी परत त्या पडदा बाजूला करणाऱ्या मुलाकडे गेले. गंगाधररावांच्या खासगीतले सहा लाख रुपये दामोदरच्या नावे कंपनीने स्वतःकडे ठेवले होते, सज्ञान झाल्यावर देऊ म्हणून. म्हणजे राज्याचा वारस म्हणून तो नामंजूर, पैशाचा वारस म्हणून मंजूर! त्याच्या मुंजीसाठी राणीला त्यातले एक लाख हवे होते, तर तिच्याकडून जामीन मागितले. मुलगा तिचा, पैसा त्याच्या बापाचा, आणि जामीन झाशीच्या राणीने आणायचे.

पुतळ्यांत तो कायम तान्हा असतो, माझ्या उशीसारखा. झाशी सोडली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. त्याला सगळं दिसत होतं, कळत होतं. ग्वाल्हेरनंतर तिची मोजकी माणसं त्याला घेऊन दोन वर्षं रानावनात फिरली. मग १८६० मध्ये तो इंग्रजांच्या स्वाधीन होऊन इंदूरला आला. सहा लाख गेले ते गेलेच, हाती तुटपुंजी पेन्शन आली. तो तिथेच वाढला, संसार केला आणि १९०६ मध्ये गेला. इंदूरमध्ये पुढच्या पिढ्यांनी आडनाव लावलं ते ‘झाशीवाले’.

गोडसे भटजींचं पुस्तक त्याच्या पुढच्याच वर्षी छापून आलं.